दोन ब्रेकची गाडी विकताना

मंगळवार, ३ तारीख

आईने आज सकाळी चहा पिताना जाहीर केलं की गाडी विकायची. आणि ती मी विकायची.

"मी? मला गाडीतलं काय कळतं?"

"म्हणून तर. मी विकायला बसले तर गिऱ्हाइकाची परीक्षा घेईन आणि सगळ्यांना नापास करीन."

हे मात्र खरं. आईने आयुष्यभर बायकांना ड्रायव्हिंग शिकवलं. ही तिची तिसरी गाडी. शिकवायची गाडी असल्यामुळे तिला दोन ब्रेक आहेत, एक चालवणारीसाठी आणि दुसरा शेजारी बसलेल्या आईसाठी. पण तिच्या विद्यार्थिनी सांगतात, बाईंनी तो दुसरा ब्रेक दाबलेला फारसा आठवत नाही. त्या ओरडायच्या नाहीत, थांब म्हणायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "समोर काय दिसतंय?" मग शिकणारी आपोआप बघायची आणि आपोआप थांबायची.

न शिकलेली मी एकटीच. दुसऱ्या धड्याला क्लच सोडताना रडू फुटलं, आणि आईने पुन्हा कधी आग्रह केला नाही. आमच्या ओळखीत हा जुना विनोद आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागे काहीतरी सांगितलं, तेव्हा आईने त्याच आठवड्यात गाडी चालवणं थांबवलं. "नीट दिसतंय तेव्हाच सोडलेलं बरं," म्हणाली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही, कुरकुर केली नाही. मला तिचं कौतुक वाटतं ते अशा गोष्टींचं. मी संसार मोडल्यावरसुद्धा वर्षभर त्याच घरात बसून होते.

बुधवार, ४

दादाचा फोन. त्याला गाडीचं कळलंय. त्याचं म्हणणं जुनंच, आईने त्याच्याकडे राहायला जावं, हे घर भाड्याने द्यावं. मी माझी एखादी खोली बघावी.

"बारके, तुझ्यावर माझा राग नाही. पण तुम्ही दोघी व्यवहारात कच्च्या. उद्या कोणी गंडा घातला तर?"

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "गाडी विकून होऊ दे. नीट विकली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. काही गडबड झाली तर मी बॅग भरते. चालेल?"

दादा म्हणाला चालेल. मला कोणी विचारलं नाही.

म्हणजे आता हे घर, ही गॅलरी, आईची खुर्ची, माझी खोली, सगळं माझ्या एका विक्रीवर आलं. आणि मी ती बाई आहे जी दुकानात दोन साबणांमध्ये निवड करू शकत नाही.

शुक्रवार, ६

गाडी इंटरनेटवर टाकली. फोटो टॅक्सीवालीने काढून दिले. ही आईची जुनी विद्यार्थिनी, स्वतःची टॅक्सी चालवते आणि दर आठवड्याला येऊन आमची गाडी सुरू करून जाते, बॅटरी उतरू नये म्हणून. आल्या आल्या तिचं सुरू होतं, "बाई, तुमच्या लेकीला गाडी विकायला सांगितलीत? उद्या मला स्वयंपाक करायला सांगाल!"

मी आईला फोनवर फोटो दाखवले. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, म्हणाली, "छान आलेत." फोन उलटा होता. मी हसले, तीही हसली. गाडीवरून मन काढून घेणं सोपं नसणार. लक्ष कुठे असेल तिचं!

सोमवार, ९

लोक कसे असतात! एकाने फक्त "शेवटचं बोला" एवढंच लिहिलं. एकाने गाडीच्या बदल्यात सोफा देऊ केला. एकाला गाडी आजच, निम्म्या किमतीत आणि घरपोच हवी होती. जवळजवळ प्रत्येक जण फोटो बघून विचारतो, शेजारच्या बाजूला हे दुसरं पेडल कसलं? काढता येतं का?

मी सगळं आईला वाचून दाखवते. हल्ली तिला माझ्याकडून वाचून घ्यायला आवडतं. वर्तमानपत्रही मीच वाचते. "तुझ्या आवाजात बातम्या कमी वाईट वाटतात," म्हणते.

दिवसभर मी लोकांचे कान तपासते. बंद खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे. आज एक आजोबा आले होते. त्यांच्या घरच्यांना दोन वर्षं पत्ताच नव्हता. समोरचा हसला की हे हसायचे, प्रश्न आला की म्हणायचे, "तूच सांग." किती शिताफीने झाकतात माणसं. मला मात्र दोन मिनिटांत कळतं.

मंगळवार, १०

आज एक सुंदर मेल आली. लिहिणारा जहाजावर इंजिनिअर आहे. समुद्रावर असल्यामुळे फोन करू शकत नाही, त्याबद्दल त्याने दोनदा क्षमा मागितली आहे. गाडी त्याला वडिलांना भेट द्यायची आहे. किमतीत एका पैशाची घासाघीस नाही. "आपल्या मातोश्रींनी ज्या मायेने ही गाडी सांभाळली ती मायाच मी विकत घेत आहे." असं कोणी लिहितं का आजकाल? पैसे बँकेच्या चेकने पाठवणार आणि गाडी न्यायला त्याचा वाहतूकवाला येणार.

आईला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली.

"गाडी बघायला कोण येणार?"

"कोणीच नाही. फोटोवरून पसंत आहे त्याला."

"बरं. आणि दुसऱ्या ब्रेकबद्दल काय म्हणाला?"

"काही नाही."

"बरं," आई म्हणाली.

मला जरा लागलं. इतकं चांगलं गिऱ्हाईक मिळालंय आणि हिचं आपलं ब्रेक, ब्रेक. पण म्हातारपणी माणूस एकाच गोष्टीला धरून बसतं, हेही समजून घ्यायला हवं. मी त्याला ब्रेकबद्दल मुद्दाम लिहिलं.

गुरुवार, १२

जहाजवाल्याचं उत्तर आलं. गाडी उत्तम स्थितीत असल्याचं वाचून त्याला आनंद झाला. ब्रेकचा उल्लेख नाही. माझं पूर्ण नाव आणि पत्ता मागितला आहे, चेक पाठवायला.

टॅक्सीवाली चहाला होती. ती म्हणाली, "ताई, मी एवढी वर्षं टॅक्सी चालवते. जो पॅसेंजर भाडं किती ते न विचारता बसतो, तो एकतर श्रीमंत असतो नाहीतर उतरून पळणारा."

"हा श्रीमंत आहे," मी म्हटलं.

"असेल बाई. समुद्रावर पळणार तरी कुठे?"

आई हसली. तिने टॅक्सीवालीला चहा ओतून दिला. कपाच्या कडेला बोटाचं टोक लावून ओतते ती हल्ली. एक थेंब बाहेर नाही. या वयात हात असा स्थिर असावा!

शनिवार, १४

चेक आला! कुरिअरने, जाड पांढऱ्या पाकिटात. आणि त्यावरची रक्कम आम्ही सांगितलेल्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त.

मी घाबरून मेल केली. लगेच उत्तर. ऑफिसमधल्या माणसाने वाहतुकीचे पैसेही त्याच चेकमध्ये घातले. चूक त्यांची, त्रास मला, क्षमस्व. मी चेक भरावा, आणि जास्तीची रक्कम वाहतूकवाल्याच्या खात्यात पाठवावी, की तो गाडी न्यायला निघेल. "आपल्यावर पूर्ण विश्वास आहे."

हे वाचून मला काय वाटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? बरं वाटलं. न पाहिलेला माणूस माझ्यावर एवढ्या पैशांचा विश्वास टाकतो. माझा नवरा दुधाचे पैसेसुद्धा मोजून द्यायचा.

आईने चेक हातात घेतला. अंगठा हळूच फिरवला, उलट्या बाजूने, मग कडेने.

"कसा आहे दिसायला?"

"अगदी चेकसारखा. बँकेचं नाव, पत्ता, फोन, सही, सगळं."

"आणि जास्तीचे पैसे आपण द्यायचे. आपल्या खात्यातून."

"त्याच्याच पैशांतून गं. चेकमधून."

"चेकमधून," आई म्हणाली, आणि चेक मला परत दिला. देताना तो माझ्या हाताच्या जरा बाजूला धरला होता. मीच पुढे होऊन घेतला.

दुपारी वाहतूकवाल्याचा फोन आला. सौम्य आवाज. "साहेबांनी सांगितलंय, सगळं सोमवारी संपवा. ट्रक सकाळपासून सज्ज आहे." बोलताना त्याच्या "स"ला बारीक शिट्टी होती, पुढच्या दातांत फट असली की होते तशी. मी त्याला सोमवारी चेक भरते म्हणून सांगितलं.

सोमवार, १६

सकाळी क्लिनिकला जाण्याआधी चेक भरला. खातं आम्हा दोघींचं मिळून आहे. आईची सगळी शिल्लक त्यातच, माझीही.

दुपारपासून मेलवर मेल. पाठवले का? ट्रक खोळंबला आहे. मग संध्याकाळी, वाहतूकवाल्याची मुलगी आजारी आहे, त्याला पैशांची निकड आहे. मला अपराधी वाटायला लागलं.

मंगळवार, १७

पैसे खात्यात दिसले. मी फोनवर तो आकडा तीनदा बघितला. दादाला फोन करावासा वाटला. केला नाही.

आई म्हणाली, "आनंद आहे. जास्तीचे पाठवायच्या आधी ज्या बँकेचा चेक आहे त्यांना एक फोन करशील? माझ्या समाधानासाठी."

केला. चेकवर नंबर होताच. एक अधिकारी बोलले, फार अदबीने. "सदर चेक संपूर्ण सुरक्षित आहे. निःशंक असा."

आईला सांगितलं. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती, डोळे मिटून.

"नंबर कुठून घेतलास?"

"चेकवरूनच."

"हं." मग, "एकदा एक पोरगी माझ्याकडे शिकत होती. म्हणाली, बाई, आरशात मागे कोणीच नाहीये. मी विचारलं, आरसा कुठे वळवलायस? तिने तो स्वतःच्या तोंडाकडे वळवला होता."

मी हसले. आईकडे अशा गोष्टींचा साठा आहे. उठून भाजी चिरायला घेतली. निम्मी चिरून झाली तेव्हा सुरी थांबली. म्हणजे मी थांबवली असणार.

त्याच्याबद्दल मी त्यानेच दिलेल्या नंबरवर विचारलं होतं.

आणि मग दुसरी गोष्ट. ती आठवली नाही, ऐकू आली. सदर चेक संपूर्ण सुरक्षित. तीच शिट्टी. सौम्य आवाज, वरच्या पट्टीत जाताना जरा अनुनासिक, आणि प्रत्येक "स"ला दातांमधून निसटणारी हवा. साहेबांनी सांगितलंय, सगळं सोमवारी संपवा. माझं काम काय आहे दुसरं? आवाज ओळखणं. मी सकाळी तो ओळखला नाही, कारण मला ओळखायचाच नव्हता.

बाहेर येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हते? ती म्हणाली, "कान कोणाचा आहे शेवटी! आता काय करायचं?"

"तू सांग."

"मी कशी सांगू? गाडी तू विकतेयस."

बुधवार, १८

क्लिनिकमधून सुट्टी घेतली. चेकवर नाव असलेल्या बँकेचा नंबर स्वतः शोधला, तिच्या मुख्य कचेरीचा. तिथल्या बाईने चेकचा नंबर ऐकून घेतला आणि विचारलं, "तुम्ही पैसे पुढे पाठवलेत का?" नाही म्हटल्यावर तिने जो सुस्कारा सोडला तो मला इथवर ऐकू आला. असा चेक त्यांनी काढलेलाच नाही.

मग आमच्या बँकेत. काउंटरवरची बाई स्टेपलरच्या पिना शोधत होती.

"पण पैसे तर खात्यात दिसतायत," मी म्हटलं.

"दिसतात. बँक आधी वापरायला देते. चेक वटायला वेळ लागतो."

"आणि नाही वटला तर?"

"परत काढून घेतो तुमच्या खात्यातून."

"मी तोवर त्यातले कोणाला दिले असतील तर?"

"तर ते तुमचे गेले." तिला पिना सापडल्या. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाणी आणून दिलं. मॅनेजरकडेही नेलं. त्यांनी चेक खोटा असल्याची नोंद करून घेतली. पोलिसांतही कळवलं. तिथल्या हवालदाराने विचारलं, "गाडीच ना? जहाजवाला की सैन्यातला?" म्हणजे हे नेहमीचंच आहे. माझ्यासाठी म्हणून कोणी काही लिहिलं नव्हतं. ती माया, तो विश्वास, सगळं छापील.

याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं, हेही इथे लिहून ठेवते.

घरी आले तर टॅक्सीवाली हजर. "ताई, तुम्ही चोर आवाजावरून पकडलात? मी तर पॅसेंजरना सांगत सुटणार आहे." आई तिला सांगत होती, "तिनेच पकडला. मला त्या मेलबिलमधलं काय कळतंय?" आणि खरंच, तिला काही कळत नव्हतं. भाबडेपणाने सहज विचारायची ती. पण त्या प्रश्नांनीच मला वाचवलं, हे मान्य करायला हवं. वाहतूकवाल्याचे दहा फोन आले. मी एकही उचलला नाही. अकरावा टॅक्सीवालीने उचलला. तिने त्याला जे ऐकवलं ते मी लिहू शकत नाही, पण आई तिला म्हणाली, "असं शिकवलं नव्हतं हो मी."

सोमवार, २३

चेक परत आला. आकडा गेला, आमची शिल्लक जिथे होती तिथे उरली. मी सुटकेने रडले.

आता नियम केले आहेत. गाडी बघायला माणूस स्वतः येणार. किमतीपेक्षा एक पैसा जास्त घ्यायचा नाही, कोणाला पुढे पाठवायचा नाही. पैसे आपल्या बँकेत, आपल्यासमोर, आणि खरोखर आले असं बँकेने म्हटल्यावरच किल्ली.

आज एका बेकरीवाल्याचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "ते दुसरं पेडल चालतं का हो? आमच्या मंडळींना शिकायचंय आणि मला जीव प्यारा आहे." मी त्याला जवळजवळ मिठीच मारली, फोनवरून.

बुधवार, २५

बेकरीवाला बायकोला घेऊन आला. मोठा, पिठासारखा गोरा, शर्टाच्या बाहीला लोण्याचा वास. त्याने गाडीखाली वाकून बघितलं, दारं उघडली-मिटली, टायर दाबले, किंमत कमी करा म्हणून पंधरा मिनिटं हुज्जत घातली. मला इतकं हायसं वाटलं! घासाघीस करणारा माणूस खरा असतो.

आई एका अटीवर अडून बसली. गाडी त्याने चालवायची आणि ती शेजारी बसणार. मी मागे बसले, बेकरीवाली माझ्याशेजारी. पहिल्या वळणालाच आई म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यातून तिसऱ्यात घाईने टाकता. इंजिन कुरकुरतंय ऐका." बेकरीवाला घामाघूम. "बाई, हिला शिकवायचंय, मला नाही." "तुम्हालाही लागेल," आई म्हणाली. पुढे कोपऱ्यावर, "रिक्षा येतेय डावीकडून." रिक्षा खरंच आली, आम्हाला कोणालाच दिसली नव्हती. फक्त ऐकू येत होती. बेकरीवाली माझ्या कानात म्हणाली, "नजर काय आहे हो तुमच्या आईची!"

मी म्हटलं, "आहेच."

शेवटी थोडं मी सोडलं, थोडं त्याने वाढवलं. उद्या बँकेत.

गुरुवार, २६

गाडी गेली.

सकाळी बँकेत आम्ही चौघं. बेकरीवाल्याने त्याच्या खात्यातून आमच्या खात्यात पैसे वळते केले, त्याचंही खातं तिथलंच. काउंटरवरच्या त्याच बाईने स्वतःहून सांगितलं, "हे आले हं. दिसतायत नाही, आलेत." आम्ही दोघी हसलो. मग सह्या.

आईने पेन घेतलं आणि सही केली. सही रेघेवर नव्हती. छापलेल्या मजकुराच्या मधोमध होती, तिरकी, दोन ओळींना चिरत गेलेली. बाई म्हणाली, "इथे नाही, आजी, इथे," आणि बोट ठेवलं. आईने मान हलवली, हसली, आणि पेन बोटापासून वीतभर लांब टेकवलं.

मी तिच्याकडे बघितलं. नीट. मला वाटतं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

तिचा हात धरून रेघेवर ठेवला. तिने सही केली, झोकदार, पूर्वीसारखी.

घरी चालत आलो. रस्त्यात तिने माझा दंड धरला होता.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"उजेड दिसतो. माणूस आहे एवढं दिसतं, कोण ते नाही. डाव्या डोळ्याने तेही नाही."

"कधीपासून?"

"गाडी सोडली तेव्हा अर्धं होतं. मग पटापट गेलं."

"आणि त्या सगळ्या मेल्स? तो चेक?"

"तू वाचत होतीस ना. मी ऐकत होते. वाचता येत असतं तर कदाचित त्या गोड शब्दांनी मीही भुलले असते." मग, "चेक गुळगुळीत होता. आपल्या बँकेचा खरखरीत असतो. पण तेवढ्यावरून कसं सांगणार? तू बघायला हवं होतं."

"आणि मी पाठवलेच असते तर?"

"सुरी थांबली ऐकलं मी," आई म्हणाली. "त्याआधी दोनदा जीव खालीवर झाला होता, ते सोड."

पुढचा चौक आम्ही ओलांडला.

"दादाला सांगणार?" तिने विचारलं. माझ्या आईला मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"हो."

"मग तो मला नेईल."

"तू जाशील?"

"नाही."

"मग कसा नेईल?"

घरी येताच मी आधी डॉक्टरांची वेळ घेतली, मग मीच दादाला फोन लावला. गाडी नीट विकली ते सांगितलं, जहाजवाल्याचंही सांगितलं, चेक भरण्यापर्यंत मी कशी गेले तेही. मग डोळ्यांचं सांगितलं. दादा ओरडला. मी म्हटलं, "डॉक्टरची वेळ मी घेतलीय, शनिवारची. तू ये. पण तिला न्यायला येऊ नकोस, भेटायला ये."

हे मी बोलले. परत वाचलं तरी विश्वास बसत नाही.

शनिवार, २८

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं काही करता येईल, सगळं नाही. डाव्याचं नाही. आईने विचारलं, "म्हणजे चेहरे दिसतील?" ते म्हणाले, जवळून, कदाचित. "पुरे," आई म्हणाली.

दादा बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसला होता. म्हणाला, "बारके, तुला काय वाटतं?" त्याने मला कधी असं काही विचारलेलं मला तरी आठवत नाही. मी म्हटलं, "मला वाटतं तिलाच विचार."

घरी आल्यावर त्याने विचारलं. आई खुर्चीत, तो तिच्यासमोर जमिनीवर, एवढा मोठा माणूस.

"तुझ्या घरी खोल्या किती?" आई म्हणाली.

"चार. तुझी वेगळी ठेवलीय, आई. उजेडाची."

"छान असणार. पण मला त्यातली दारं शोधावी लागतील रे. या घरातली सगळी मला पाठ आहेत. अंधारात गेलेय, तापात गेलेय, तुला कडेवर घेऊन गेलेय. इथे मी आंधळी नाही. तिथे होईन."

दादाने चष्मा काढून पुसला. पुष्कळ वेळ पुसला. मग म्हणाला, "आणि हिचं काय? ही दिवसभर कामाला."

"ही आहे तशी बरी आहे," आई म्हणाली. "हिची काळजी मला होती, आता नाही."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथून ऐकत राहिले.

जेवण झाल्यावर आईला गॅलरीत बसायचं होतं. दादा घाईने उठला, तिला दोन्ही खांद्यांना धरून वळवायला लागला.

"ढकलू नकोस रे. सामान आहे का मी?" आई म्हणाली. "हात पुढे कर आणि उभा राहा. मी धरते."

दादाने हात पुढे केला आणि उभा राहिला. आईने आपला वेळ घेतला, हवेत थोडं चाचपडली, मनगट सापडलं तिला, ते घट्ट धरलं. मग ती पुढे आणि तो अर्धं पाऊल मागे, असे दोघं गॅलरीकडे गेले.